यादीबाहेरचा डबा

महाडातल्या नर्सरीच्या डब्याच्या छापील यादीत सोमवारी पास्ता, मंगळवारी सँडविच होतं, आणि तीन वर्षांची अलीशबा आठ दिवस घास न घेता रडत होती. नवव्या दिवशी तिच्या आईने, हुमेराने, यादी बाजूला ठेवली आणि पोरगी घरी मिटक्या मारत खाते ती भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी डब्यात भरली. दुपारी वर्गाच्या बाईंनी तिला दारातच गाठलं. “काय दिलं होतंत? वास जाईना म्हणून मोठ्या बाईंनी ऑफिसात दोनदा उदबत्ती लावली.” “चुकलं, मॅडम. पण तिला शाळेतून काढू नका. उपाशी राहून वाळलीय पोर.” बाईंनी चाटूनपुसून लख्ख झालेला डबा हातात दिला. “उद्या भाकरी जास्त द्या. हिच्या डब्यात आणखी दोघं जेवली.” हुमेराने आत पाहिलं. लेक बिलगायला आली नाही. ती शेजारच्या मुलाला बोटं कशी चाटायची ते शिकवत होती.