चौकटीबाहेरची आत्या

आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा घरातल्या जुन्या व्हिडिओंची फिल्म करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. फिल्मचं एडिटिंग शिकणारी घरात मी एकटीच. बाबांनी अट घातली, "तुझी आत्या कुठंही दिसता कामा नये. नवरा सोडून दुसरं लग्न करणाऱ्या बाईला या घरात जागा नाही."

"आजीला विचारलंत?"

"तिला काय विचारायचंय? जास्त शहाणपणा नको. सांगितलंय तेवढं काप."

कापलं. आत्या जिथं होती तिथं चौकट आवळून तिला बाहेर काढली. तिच्याकडे बघणारे चेहरे मात्र तसेच ठेवले. पडद्यावरचं माणूस बाजूला बघून हसलं की तिकडे कोण आहे हे प्रेक्षक शोधायला लागतो, हे आम्हाला वर्गात पहिल्यांदा शिकवतात.

सगळे जमले, फिल्म सुरू झाली. आजोबा बाजूला कुणाकडे तरी बघत पोट धरून हसत होते. बाबांच्या वाढदिवसाला चौकटीबाहेरून एक हात आला आणि त्यांना केक भरवून गेला. पडद्यावरचे बाबा लाजले.

काकू म्हणाली, "अगं, हे सगळे बघतायत तरी कुणाकडे?"

बाबा माझ्यावर खेकसले, "तिला काढ म्हणून सांगितलं होतं ना?"

"काढलीय की. चेहरा दिसला का कुठं?"

त्यांनी रिमोट उचलला.

"माझ्या लेकीकडे बघतायत," आजीने काकूला सांगितलं. मग बाबांकडे वळून म्हणाली, "तो रिमोट खाली ठेव आणि तिला फोन लाव."