पिशवीचा पिच्चर

"एवढ्या उकाड्यात खिडक्या बुजवल्या, अन् पंखा फिरते एकच. जीव घेता का आमचा?" अंबूबाई पंचफुलाच्या कानापाशी कुरकुरली.

पंचफुलानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जानेफळच्या विहाराच्या हॉलमध्ये भर दुपारी अंधार केला होता. समोरच्या चादरीवर तिच्या लेकीचा, मयुरीचा, बारा मिनिटांचा पिच्चर लागायचा होता. माणसं खरी, गावातलीच. त्यांच्यात मयुरीनं काढलेली चित्रं हलणार, बोलणार होती.

माणसांचं शूटिंग दिवाळीतच उरकलं होतं. चित्रं मागाहून भरायची असतात, त्यामुळे तेव्हा कोणालाच काही दिसलं नव्हतं. "एका हातानं नाक धरा, दुसऱ्यानं पोहा," एवढंच मयुरी सांगायची, आणि अख्खी आळी याच फरशीवर पालथी पडून हातपाय मारायची. "पन कायच्यात पोहून राह्यलो, ते तं सांग!" असं अंबूबाईनं विचारलं होतं. "ते मी मागून भरते, आजी." म्हातारी पूर समजून जीव तोडून पोहली होती.

काय भरलंय ते पंचफुलाला माहीत होतं. "चारचौघात बापाची फजिती करशीन," असं ती सकाळी लेकीवर खेकसलीही होती.

"गोष्ट बाबाचीच हाय, आई. मी फक्त रंग भरले."

मागच्या वर्षी ऑपरेशन झालं आणि तिच्या नवऱ्याच्या, शंकररावांच्या, पोटाला पिशवी लागली. शौच तिच्यातच उतरायचं. गावात सगळ्यांना ठाऊक, पण तोंडातून कोणी काढत नव्हतं. फक्त बुद्ध पौर्णिमेची खीर, वीस वर्षं शंकररावांच्या हातची, ती दुसऱ्याकडे गेली. "भाऊ, तुमी आराम करा." यंदाही विहार कमिटीचा देवानंद तेच सांगून गेला होता. पौर्णिमा उद्यावर आली होती.

चादर उजळली. लग्नाच्या पंगतीत शंकरराव जेवत होते. त्यांचा सदरा हलला, बटण उडालं आणि आतून बेडकाच्या तोंडाची गुबगुबीत पिशवी डोकावली.

"आजबी वांगंच?"

लेकरं खिदळली. नवरदेवाचा मामा भाषणाला उभा राहिला, तसा पिशवीनं असा लांबलचक आवाज काढला की मामाची टोपी उडाली. मग बुंदी झाली, मठ्ठा झाला. पिशवी फुगत फुगत मांडवाला टेकली. आणि फुटली.

पिवळाजर्द लोंढा पंगतीवरून गेला. त्यात नाक धरून सगळ्यात पुढे कोण, तर अंबूबाई. एक मोठा बुडबुडा नेमका तिच्या तोंडावर फुटला.

"अगं माय वं! ह्याच्यात पोहली मी?"

हॉल फुटला. कोणी शी-शी करत होतं, कोणाला ओकारी येत होती, आणि हसू तर कोणालाच आवरत नव्हतं. अंबूबाई पंचफुलाच्या पाठीत धपाधप मारत हसत होती. पुढच्या रांगेत शंकरराव मांडीवर थापा मारत होते. वर्षभर पोटावर दाबून धरलेला हात त्यांचा आज मोकळा होता.

उजेड झाला आणि सगळे एकदम शहाणे झाले.

"कलर मस्त हायेत."

"आवाज बी क्लिअर आला."

शंकरराव उठून मागे बसलेल्या देवानंदकडे वळले. "देवा, उद्याले दूध सांगतलं का?"

"सांगतलं ना, भाऊ. पन तुमी आराम करा. कढईपाशी आंच लागते."

"डॉक्टरनं सगळी कामं कराले सांगतलं. आंच मले नवी हाय का?"

देवानंद सतरंजीची दशी ओढत बसला. पंचफुलाच्या ओठावर वर्षभराचं आलं होतं; पण बायको बोलली तर भांडण होईल, दुसरं काही होणार नाही, हे तिला कळत होतं.

अंबूबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. "खोटं कायले बोलतं बे, देवा?" माणसांतून वाट काढत ती पुढे गेली आणि शंकररावांचा उजवा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"शंकर, तुह्या हातची खीर खायाची किळस आली होती आमाले. पयले मले आली. 'आराम करा' सांगाले याले तुह्या घरी मीच पाठोलं."