अकरावी बैठक

साथीचं तिसरं वर्ष सरत आलं तरी माणसानं माणसाला शिवायची बंदी काही उठली नव्हती. नलूकाकूंनी पंचायतीच्या खोलीत बसून जाड हातमोजा चढवला. काचेपलीकडे हणमंतानं आपला चढवला, तशी त्याच्या हाताची ऊब, दाब, खरखर, सगळं काकूंच्या तळव्यात उतरलं. समेटाला बसायचं ते हातात हात घेऊनच, ही गावाची जुनी रीत. ती साथीत मोडू नये म्हणून हे स्पर्श पोचवणारे मोजे आणले होते, आणि ते बैठकीपुरतेच मिळत.

याच हणमंतानं जीप भरधाव हाणली होती आणि काकूंचे यजमान जागच्या जागी गेले होते. पहिल्या बैठकीत काकूंनी मोजा भिरकावून दिला होता. आजची अकरावी. हल्ली बैठकीहून घरी गेल्यावर त्या उजवा हात दिवे लागेपर्यंत धूत नसत.

"काकू, चुकलो मी. मला झोप लागत नाही हो," हणमंता म्हणाला.

मध्यस्थ बाईंनी विचारलं, "नलूताई, करता माफ? तुम्ही हो म्हणालात की प्रकरण मिटलं. मग बैठका बंद."

काकूंनी त्याला सातव्या बैठकीतच माफ केलं होतं, मनातल्या मनात.

"नाही," त्या म्हणाल्या.

हणमंताची मान खाली गेली. काकूंनी त्याचा हात आणखी घट्ट धरला.