पुढची तारीख

निकाल ऐकून बाहेर येताच वकीलबाई म्हणाल्या, "शिंत्रेकाका, जिंकलात. महिन्याभरात मुजावर खोली रिकामी करतील."

काकांनी नुसती मान हलवली. नऊ वर्षांपूर्वी केस घेताना बाईंनीच बजावलं होतं, 'घरी भाडेकरूशी एक शब्द बोलू नका, उद्या अंगाशी येईल.' तेव्हापासून वरचे काका आणि खालचे मुजावर एकाच फाटकातून न बोलता ये-जा करत. काकू गेल्या त्या दिवशीही मुजावर दारात नुसते उभे राहून परतले होते.

बोलणं व्हायचं ते तारखेला, कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर. बाई आत दुसऱ्या केसमध्ये असायच्या. पुकारा होईपर्यंत दोघं गुडघेदुखीपासून सुनांपर्यंत सगळं बोलून घेत. काकांना साखर चालत नाही, म्हणून मुजावर थर्मासमधून बिनसाखरेचा चहा आणत.

आत्ताही ते बाकावर बसून झाकणात चहा ओतत होते. आधी काकांचा.

"अपील करता येतं ना?" काकांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला कशाला? तुम्ही जिंकलात."

"मला नाही," काका बाकाकडे बघत म्हणाले, "त्यांना."