कोकमाचं पाणी

झावळीचा क्रूस एमिलियाला काही वळेना. पात घडीत बसायच्या आत बोटं सैल पडत आणि पात मांडीवर. दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी गोराईतल्या अर्ध्या घरांना हिच्याच हातचे क्रूस लागायचे.

हैदराबादच्या प्रयोगशाळेतून सुट्टीवर आलेली किम्बर्ली समोर बसून बघत होती. आईचे सांधे सुजून लाल झाले होते, सगळी बोटं करंगळीकडे कलली होती. व्हिडिओ कॉलवर वर्षभर आईचा नुसता चेहराच दिसला होता.

"मम्मी, वाताची ती रविवारची गोळी घेतेस ना?"

"ती मागच्या वर्षीच्या उपासात सोडली. ईस्टरपर्यंत आपलं आवडतं सोडायचं ना? लोक मटण सोडतात, दारू सोडतात. मला त्या गोळीनेच बरं वाटायचं. म्हटलं, हीच सोडू."

"आणि ईस्टर झाल्यावर?"

"मग तुझं कोकम होतं ना गो."

कोकमाच्या सालीच्या अर्काने उंदरांच्या सांध्यांची सूज उतरली, हे किम्बर्लीनेच आनंदाने फोनवर सांगितलं होतं. एमिलियाने गावभर दवंडी पिटली, लेकीने वाताचं औषध शोधलं म्हणून. चर्चच्या पायऱ्यांवर कोकमाला संताचा मान मिळाला. तेव्हापासून ती सकाळ-संध्याकाळ कोकम भिजवून पाणी पीत होती, आणि दुखणं वाढलं की आणखी चार सोलं टाकत होती.

"अगं, तो अर्क वेगळा. तो पाण्यात उतरतच नाही. आणि ते सगळं उंदरांवर होतं. माणसांवर अजून केलेलंच नाही."

एमिलिया आपल्या हातांकडे बघत राहिली. "गोळी परत धरली तर सरळ होतील?"

झिजलेलं हाड पुन्हा भरून येत नाही. रोज सूक्ष्मदर्शकाखाली तेच बघणाऱ्या किम्बर्लीला ते आईला सांगता येईना. तिने नुसती नकारार्थी मान हलवली आणि तिला रडू फुटलं.

एमिलियाने मनगटानेच लेकीचे डोळे पुसले.

"रडू नको. आणि माणसांवर केलंच नाही असं कशाला म्हणतेस? तुमच्यात सगळं लिहून ठेवतात ना? मग लिही. एका बाईने वर्षभर घेतलं. गुण नाही आला."