देवाची गाडी

जी वस्तू माणसाचा जीव घेते ती माणसाची राहत नाही, देवाची होते. देवाला ती न्यायला यायची सवड नसते, म्हणून राजाचा अधिकारी येतो.

वायमंडच्या मृत्यूची चौकशी करायला तो आला तेव्हा चर्चच्या कुंपणाशी अर्धं गाव जमलं होतं. अधिकारी फ्रेंच बोलायचा आणि त्याचा कारकून ते गावाच्या बोलीत सांगायचा. ‘देओदांद’ हा शब्द मात्र त्याने तसाच ठेवला. वायमंडच्या बायकोने, हाविसने, अर्थ विचारला.

“देवाला द्यायचं ते,” कारकून म्हणाला. “आम्ही लॅटिनमधून उचलला. आता तुम्ही आमच्याकडून उचला.”

हाविस निश्चिंत होती. गाडी उतारावरून घरंगळली आणि वायमंड खाली सापडला, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण उभ्या गाडीच्या चाकावरून घसरून माणूस मेला, तर देवाला तेवढं चाकच जातं, असा रिवाज. गाडी उभीच होती असं सांगायचं, ही तोड काढली होती तिच्या दिराने, गोडार्डने. “एक चाक देवाचं, बाकी गाडी तुझी, वहिनी,” असं तो तिच्याच घरी जेवताना म्हणाला होता. गावाचं धान्य गिरणीवर पोचवून तिचं घर चालायचं, ते त्याच गाडीवर. पंचांच्या वतीने बोलणार गोडार्ड. बाकीच्यांनी माना डोलवायच्या, एवढंच ठरलं होतं.

गोडार्डने ग्रंथावर हात ठेवला.

“गाडी उभी नव्हती,” तो म्हणाला. “अख्खी गाडी चालत होती.”

ठरल्याप्रमाणे बाकीच्यांनी माना डोलवल्या.

“भावजी?” हाविस म्हणाली.

“ग्रंथावर हात होता, वहिनी. खोटं कसं बोलू?”

तो खरं तेच बोलला होता. शेजाऱ्याची मेंढी आपल्याच गोठ्यात जन्मली, अशी शपथ त्याने मागच्याच हिवाळ्यात याच ग्रंथावर घेतली होती.

अधिकाऱ्याने गाडीची किंमत ठरवली. ज्याला हवी त्याने ती भरून गाडी न्यावी, पैसे देवाकडे पोचते होतील, असं कारकुनाने सांगितलं. गोडार्ड पैसे बरोबर घेऊनच आला होता.

गाडी घरंगळली तेव्हा बैल तिला जुंपलेला नव्हता, म्हणून तो निर्दोष ठरला आणि हाविसकडे राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोडार्ड तो मागायला आला.