तो पोचेल का?

“उड्डाणच कापलंस? अगं, त्यासाठीच तर लोक येणार!” निर्माते परुळेकर एडिटिंग रूममध्ये ओरडले.

हेमांगीने दृश्य थांबवलं. जळत्या इमारतीत अडकलेली मुलगी आता एकटीच होती. आकाशातून झेपावत येणारा सुपरहिरो हेमांगीने काढून टाकला होता. “सर, तो येतोय हे आधीच दिसलं, तर मुलीची काळजी कोण करेल? तो पोचेल की नाही, हेच कळता कामा नये.”

“आणि सिनेमा पडला तर?”

“माझं नाव काढून टाका. पण एकदा असाच दाखवा.”

रविवारी निवडक प्रेक्षकांसाठी खेळ ठेवला. पडद्यावर धूर दाटत गेला, मुलगी दार बडवत राहिली, सुपरहिरोचा पत्ताच नव्हता. हेमांगी मागे भिंतीला टेकून लोकांकडे बघत होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. कुणाचा मोबाइल उजळला नाही.

तेवढ्यात अंधारातून कुणीतरी कळवळून ओरडलं, “अरे, कुठे मेला हा? ये ना लवकर!”

हेमांगीने आवाज ओळखला. शेवट तोंडपाठ असलेले परुळेकर खुर्चीतून अर्धे उठले होते.